अपील चालू होतं, पण सीओई रद्द झाला होता

ऑस्ट्रेलियात असताना ज्यांचा स्टुडंट व्हिसा नाकारला गेला आणि अपील चालू आहे, त्यांनी आधी एक बघा. तुमचा सीओई, म्हणजे कोर्सला एनरोल्ड असल्याचा कॉलेजने दिलेला अधिकृत दाखला, आजच्या तारखेला चालू आहे का?

माझा नव्हता, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. 2023 मध्ये रिफ्यूजल आलं, त्यात कारण एकच होतं: जीटीई, म्हणजे तात्पुरतं शिकायलाच आलोय हे दाखवण्याची अट. मी शिकून परत जाईन हे इमिग्रेशन खात्याला पटलं नव्हतं. मग दीड वर्ष मी त्याच मुद्द्यामागे लागले. सातबारा, बाबांच्या पेन्शनचे कागद, सगळं जमवलं. अपील, फी, ब्रिजिंग व्हिसा (निकाल लागेपर्यंत राहायला मिळणारा तात्पुरता व्हिसा), कुठेच अडलं नाही.

ऑगस्ट 2024 मध्ये अपील ऐकणाऱ्या ट्रायब्युनलचं, म्हणजे एएटीचं, पत्र आलं. पहिलाच प्रश्न: सध्या कुठल्या कोर्सला एनरोल्ड आहात? पुरावा द्या, 14 दिवसांत. मुदतीत उत्तर गेलं नाही तर सुनावणीचा हक्कच जात होता.

कॉलेजच्या काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. नावापुढे लिहिलं होतं, रद्द. रिफ्यूजलनंतर त्यांनी सीओई काढून टाकला होता. साधा ईमेलही केला नव्हता. नवीन मागितला तर म्हणे, व्हिसा नाही म्हणून देता येत नाही. आणि सीओई नाही म्हणून व्हिसा मिळणार नाही! नऊ दिवस मी त्या काउंटरवर खेटे घातले. रोज नवा माणूस, रोज पहिल्यापासून सगळी कथा. दहाव्या दिवशी व्हेवोचं, म्हणजे व्हिसाच्या अटी दाखवणाऱ्या सरकारी ऑनलाइन सेवेचं, प्रिंटआउट समोर ठेवलं. माझ्या ब्रिजिंग व्हिसावर शिकायला बंदी नाही, हे त्यावर स्पष्ट होतं. तेव्हा कुठे अ‍ॅडमिशनच्या मुख्य बाई बाहेर आल्या. पहिल्या टर्मची फी त्याच दिवशी भरायला लावली. सीओई तेराव्या दिवशी संध्याकाळी आला. तो अपलोड करताना माझे हात थरथरत होते.

नियम समजून घ्या. मायग्रेशन नियमांतल्या कलम 500.211 प्रमाणे निर्णयाच्या दिवशी तुम्ही एनरोल्ड असायला हवं. ट्रायब्युनल सगळं नव्याने तपासतं, त्यामुळे रिफ्यूजलच्या पत्रात एनरोलमेंटचा शब्द नसला तरी अपील तिथेच पडू शकतं. सुनावणीची तारीख पुढे गेली आणि मधेच कोर्स संपला, तरी तेच. कोर्सची शेवटची तारीख बघत राहा.

अजून एक राहिलं. अपिलाला मला 21 दिवस होते. 14 ऑक्टोबर 2024 पासून एएटीच्या जागी एआरटी हे नवं ट्रायब्युनल आलं आणि आता मुदत 28 दिवसांची आहे. माझी केसही तिकडेच गेली. व्हिसाचा अर्ज 23 मार्च 2024 चा किंवा त्यानंतरचा असेल तर जीटीईऐवजी जेन्युइन स्टुडंटची (खरंच शिकायला आलात हे दाखवण्याची) अट लागते, पण एनरोलमेंटची अट दोन्हीकडे आहेच.

नोव्हेंबरमधल्या सुनावणीत सीओईवर दोनच मिनिटं गेली, बाकी वेळ जीटीईवर. केस माझ्या बाजूने, फेरनिर्णयासाठी खात्याकडे परत पाठवली गेली, आणि अपिलाची अर्धी फीही परत मिळाली.