लाकडातले देव आणि शिकोकूची वारी
आळंदी-पंढरपूर दोनदा चाललोय त्यामुळे वारी काय असते ते आपल्याला कळतं असा थोडा माज होता, तो जपानमध्ये पहिल्याच दिवशी उतरला. ओझू गावातल्या पुलावर काठी ठकठक टेकत चाललो होतो तर मागून एका आजोबांनी जोरात हाक मारून थांबवलं. नंतर कळलं, कोबो दाईशी (म्हणजे कूकाई, 774 ते 835, ज्यांच्या नावाने ही वारी चालते ते बौद्ध भिक्षू) इथे आले तेव्हा कुणी घरात घेतलं नाही म्हणून त्यांनी पुलाखाली रात्र काढली. ते अजून खाली झोपलेले असतील, म्हणून पुलावर काठी उचलून धरायची. एकदम पटलं.

शिकोकू बेटाची ही 88 देवळांची वाट सगळी मिळून साधारण 1,200 किलोमीटर. माझ्याकडे रजा आठ दिवसांची, म्हणून एहिमे भागातला तुकडाच केला. आमचे बाबा सुतार, निघताना एवढंच म्हणाले, देव कसल्या लाकडाचे आहेत ते नीट बघून ये.

आता गंमत अशी की बघायला मिळतच नाही! 45 नंबरच्या इवायाजीला कड्याच्या पोटात देऊळ आहे, चढताना जीव निघाला. तिथे म्हणे दाईशींनी फुदो म्योओ (उग्र चेहऱ्याचा रक्षक देव) दोनदा घडवला, एक लाकडात नि एक दगडात. लाकडाचा देवळात ठेवला आणि दगडाचा गुहेत कोंडला, म्हणून अख्खा डोंगरच देव मानतात. मी आत डोकावलो तर नुसता अंधार आणि उदबत्तीचा वास. 52 च्या ताइसानजीला अकरा तोंडांची कानोन, म्हणजे आपला अवलोकितेश्वर, तीही बंद दाराआड. हाच अकरा तोंडांचा अवलोकितेश्वर बोरिवलीला कान्हेरीच्या 41 नंबरच्या लेण्यात दगडात उघडा उभा आहे आणि तिथे मी कधी पाच मिनिटं थांबलो नव्हतो, याची ताइसानजीत उभं राहून लाज वाटली. बंद दाराचं मात्र फार वाईट नाही वाटलं, पंढरपुरातही दर्शनबारीची लाइन बघून कळसाला हात जोडून परत फिरलोच होतो की.

बघायला मिळाले ते मात्सुयामातल्या इशितेजी देवळाचे दारावरचे दोन निओ, म्हणजे आपले द्वारपाल. दरवाजा 1318 चा. जाळीमागे दंडाच्या शिरा फुगवून उभे आहेत, उनकेईच्या परंपरेतलं काम म्हणतात. हा उनकेई म्हणजे जपानी मूर्तिकारांतला दादा माणूस, त्याने आणि काइकेई या दुसऱ्या मूर्तिकाराने माणसं हाताशी घेऊन नारामधल्या तोदाइजी देवळाचे आठ मीटरच्या वरचे दोन निओ 1203 मध्ये फक्त 69 दिवसांत उभे केले. कसे, तर एका खोडात नाही, तुकडे वेगवेगळे कोरून जोडायचे आणि आतून पोकळ ठेवायचे, म्हणजे लाकूड सुकताना चिरत नाही. आधीच्या काळात सगळी मूर्ती एकाच खोडातून काढायचे, तेव्हाही पाठीकडून पोखरून घ्यायचे. हे बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, मग बरोबरच आहे, गाभा ठेवला तर तडा जाणारच.

वाटेत एका बाईंनी "ओहेन्रोसान!" म्हणून हाक मारली (यात्रेकरूला तिकडे असंच म्हणतात, आपल्या माऊलीसारखं) आणि चार संत्री हातात कोंबली, पैसे घेईनात. नाही म्हणायचं नसतं.

शेवटच्या दिवशी तान्बाराला इकिकी जिझोचं देऊळ (जिझो म्हणजे मुलांना नि वाटसरूंना सांभाळणारा बोधिसत्त्व). हे 88 मधलं नाही, पण वाटेवर आहे. दाईशींनी उभ्या जिवंत कापराच्या झाडात एका रात्रीत जिझो कोरायला घेतला, एका खोडकर राक्षसाने कोंबड्याचा खोटा आवाज काढला, दाईशींना वाटलं उजाडलं, आणि एक कान राहिला तो राहिलाच. मला तर हसूच आलं, आपल्याकडे गावोगावी पांडवांची देवळं कोंबड्यापायीच अर्धवट राहिलीयेत. झाड पुढे वादळात पडलं, मूर्ती वाचली. मला कान काही दिसला नाही, आत अंधारच होता.

संध्याकाळी बाबांना हे सगळं सांगितलं. थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "अरे पण मग दुसऱ्या दिवशी येऊन पुरा करायचा होता की."