तुम्ही विचारलंत म्हणून: दोन मोटारी, एक डीपी

वरुडला गेलो की पानठेल्यावर ठरलेला प्रश्न येतो: "यानात तीन-तीन कम्प्युटर असते म्हणते, मंग बिघडते कसं?" यानातले कॉम्प्युटर किती टिकतील याचं गणित मांडणं हेच माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे हसून टाळलं तरी प्रश्न बोचतो.

एक कॉम्प्युटर बंद पडायची शक्यता हजारात एक, तर दोन्ही पडायची दहा लाखांत एक. हा गुणाकार मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी शिकलो आणि शेतातल्या पाण्याच्या मोटरवरून थेट बाबांवर चालवला. "एक मोटर दहात एकदा दगा देते ना? दोन बसवा. शंभरात एकदा." बाबांनी सोसायटीचं कर्ज काढलं.

एप्रिल. आंबिया बहार झाडावर, संत्री सुपारीएवढी. थ्री-फेज वीज रात्रीची, म्हणून दोन्ही स्टार्टरवर ऑटो लावलेला. लाइन आली की मोटारी आपोआप सुरू. त्या रात्री डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून, लाइन आली ती तीनऐवजी दोनच फेजची. दोन्ही मोटारी गुरगुरत राहिल्या आणि जळाल्या. भरायला टाकल्या तेव्हा कारागिराने आतली काळी पडलेली तार माझ्यासमोर धरली. मोटारी परत येईपर्यंत झाडाखाली फळांचा सडा. बाबा एवढंच म्हणाले, "डीपी तं एकच होती ना रे."

गुणाकार बरोबरच होता, असं मी तेव्हा भांडलो. आजही म्हणेन, पण बिघाडांचा एकमेकांशी संबंध नसेल तरच. दहातला एक बिघाड जरी सामायिक, म्हणजे दोन्हींना एकदम पाडणारा निघाला, तरी दहा लाखांतला एक हा दहा हजारांतला एक होतो. आमच्या गणितात या सामायिक वाट्याला बीटा म्हणतात.

आणि खरं सांगायचं तर डीपीवरही सगळं ढकलता येत नाही. फेज गेला की मोटर बंद करणारा प्रिव्हेंटर होता. सारखा ट्रिप मारतो म्हणून मीच तो डायरेक्ट करून, म्हणजे वगळून लाइन सरळ मोटरला जोडून ठेवली होती.

4 जून 1996 ला एरियन 5 रॉकेटचं हेच झालं. दिशा सांगणारे दोन संच, दोन्हींत तेच सॉफ्टवेअर. 16 बिटांत न मावणारा आकडा आला, आधी राखीव संच बंद पडला आणि 0.05 सेकंदाने चालू असलेला. मग सॉफ्टवेअर वेगवेगळ्यांकडून लिहून घ्या? नाइट आणि लेव्हसन यांनी 1986 च्या प्रयोगात एकाच कामाचे 27 प्रोग्रॅम वेगवेगळ्यांकडून लिहून घेतले. तरी अनेकांच्या चुका त्याच त्या ठिकाणी.

मग बीटा किती धरायचा? एकेका जातीची यानं दोन-चार. मोजायला बिघाडच पुरत नाहीत. शेवटी आम्ही बसून ठरवतो, पाच टक्के, दहा टक्के. मीही मान डोलावतो.

यंदा शेतावर गेलो, तर प्रिव्हेंटर पुन्हा डायरेक्ट. लहान भाऊ म्हणाला, "दादा, सारखा ट्रिप मारते ना तो."