माझा अनुभव: ऑइल प्रेशरचा आकडा काही लिहून मिळेना

सर्व्हिस सेंटरच्या जॉबकार्डावर टाकीत पेट्रोल किती याला रकाना असतो, स्टेपनी आहे का याला असतो, मॅट किती याला पण असतो. इंजिनाचं ऑइल प्रेशर, म्हणजे तेलाचा दाब, लिहायला जागा नसते. माझं सगळं भांडण एवढ्यावरून झालं आणि डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहितोय.

गाडी पेट्रोल, सेकंडहँड घेतलेली. करूळ घाट खालच्या गिअरमध्ये चढून गगनबावड्याकडे येताना ऑइलचा लाल दिवा लुकलुकला. गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. हे आधी करा, बाकी सगळं नंतर. "पुढं गॅरेज आहे, तिथवर जाऊ" म्हणालात तर क्रँकची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याची, बेअरिंगं जातात. डिपस्टिकवर तेल व्यवस्थित होतं, पण त्यावर विसंबायचं नाही. तो दिवा तेल किती आहे ते सांगत नाही, दाब आहे की नाही एवढंच सांगतो. साधारण अर्ध्या बारच्या (बार हे दाबाचं माप) खाली दाब गेला की तो लागतो. म्हणजे तो दिसेपर्यंत उशीरच झालेला असतो.

गाडी टो करून हायवेवरच्या एका सर्व्हिस सेंटरला आणली. ॲडव्हायझरनं चावी फिरवली. आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, दिवा विझला. त्यानं लिहिलं : 'तक्रार आढळली नाही.' मी म्हटलं, जरा रेस करून बघा. रेस केल्यावर दिवा लागला, तर म्हणे दिवा लावणारा प्रेशरचा स्विच खराब. स्विच बदलला, बिल झालं, दिवा पुन्हा हजर. मग एकदम एस्टिमेट आलं : ऑइल पंप नवा, बेअरिंग सेट नवा, इंजिन ओव्हरहॉल. काल तक्रारच नव्हती, आज इंजिनच गेलं!

"प्रेशर किती आलं?" मी विचारलं.

"सर, स्कॅनरला तसं दाखवत नाही."

बरोबर आहे, कसं दाखवेल? असल्या गाडीत प्रेशरचा स्विच नुसता चालू नाहीतर बंद, आकडा त्याच्याकडं नसतोच. त्यासाठी स्विच काढून त्याच जागी साधं मेकॅनिकल गेज लावायचं असतं. दहा-पंधरा मिनिटांचं काम. पण गेज टूलरूममध्ये, टूलरूमची किल्ली इनचार्जकडं आणि इनचार्ज ट्रेनिंगला पुण्याला. इनचार्ज आल्यावर कळलं, की या कामाला सिस्टीममध्ये जॉब कोडच नाही, त्यामुळे ते करता येत नाही. मॅनेजर शांतपणे म्हणाले, "तुम्ही एस्टिमेटला अप्रूव्हल द्या, इंजिन उघडलं की कळेलच." म्हणजे आधी पोट फाडायला सही द्या, ताप नंतर बघू. लाउंजमधली ती मशीनची पांचट कॉफी पिऊन पिऊन माझंच प्रेशर वाढलं.

शेवटी गाडी उचलतो म्हटलं, तर गेटपासला अडवलं. कागदावर छापलेलं : 'ग्राहकाने दुरुस्ती नाकारली.' त्याखाली मी पेनानं लिहिलं : 'प्रेशर मोजून मागितले, मोजले नाही.' त्यांनी तो कागद फाडून नवा छापला. मी पुन्हा तेच लिहिलं आणि सही केली. या एका गोष्टीचा मला अजूनही अभिमान वाटतो. अशी ओळ लिहिल्याशिवाय सही करू नका आणि तिची झेरॉक्स घ्या.

तिथून गाडी टो करून उद्यमनगरात. इंजिनाच्या कामाला कोल्हापुरात दुसरीकडं जायचं कशाला, हे मला आधी सुचायला हवं होतं असं घरचे म्हणतात. मिस्त्रींनी काही न बोलता गेज लावलं. इंजिन पूर्ण गरम होऊ दिलं (थंड तेल घट्ट असतं, त्यावरचा आकडा फसवतो). आयडलला 1.2 बार. ठीक. मग हळूहळू रेस. काटा 2 पर्यंत गेला, थरथरला आणि धाडकन खाली आला.

"बेरिंग गेलं असतं तर काटा आयडलला पडला असता आन् रेस केल्यावर उठला असता," मिस्त्री म्हणाले. "हितं उलटं हाय. पंपाला काय धाड भरल्या? खालनं तेलच मिळंना त्येला."

पंप क्रँकवरच फिरतो. आत दातेरी चाक, बाहेर एक दात जास्त असलेलं कडं. इंजिन जितकं पळेल तितकं तो तेल ओढणार. जास्तीचा दाब रिलीफ व्हॉल्व्ह परत सोडतो. पण ओढायच्या नळीच्या तोंडची जाळी तुंबली, तर आयडलपुरतं तेल मिळतं आणि रेस केल्यावर उपासमार होते. चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) उतरवलं, तर जाळीवर काळ्या गाळात राखाडी सिलिकॉनचे शेवयांसारखे तुकडे अडकलेले. आधीच्या कुणीतरी चेंबर बसवताना गास्केटचं सिलिकॉन बदाबदा थापलं होतं. बाहेर दिसतं तेवढंच आतही येतं, मग ते तुटतं आणि जाळीवर जाऊन बसतं.

जाळी साफ, फिल्टर नवा, मॅन्युअलमधल्या ग्रेडचं तेल. पंपाच्या दातांतली फट फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) बघायला सांगणार होतो, तर मिस्त्री म्हणाले पंप काढायला पुढचं टायमिंग कव्हर उघडावं लागतंय, आधी प्रेशर बघू. बघितलं : 3000 आरपीएमला काटा साडेतीनवर स्थिर. पंपाला हातही लावला नाही. नवीन पंप लागलाच असता, तर बसवण्याआधी त्यात तेल भरायला सांगायचं, कोरडा फिरला की पहिल्या मिनिटातच ओरखडे पडतात.

अजून एक राहिलं. चेंबर परत बसवताना समोर उभे राहा. सिलिकॉनची बारीक, सलग रेघ, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूनं, आणि तेल भरायच्या आधी ट्यूबवर लिहिलेला वेळ वाळू द्यायचा. मिस्त्रींनी ते संध्याकाळी लावलं आणि तेल दुसऱ्या दिवशी सकाळी भरलं. मी घाई करत होतो, त्यांनी ऐकलं नाही.