आयर्लंडच्या खेड्यात खेळ बघायला जाताय? परतीची गाडी आधी ठरवा

कॉर्क शहरातल्या आमच्या खोलीच्या मालकाने छातीठोकपणे सांगितलं होतं, "रविवारीसुद्धा बस मिळते, काळजी करू नका." बस आलीच नाही. त्यामुळे पुढचं सगळं थोडं चिडून लिहिलंय, हे गृहीत धरून वाचा.

गेलो होतो बॅलिनकरिगला, कॉर्कजवळच्या मिडलटन गावाच्या उत्तरेला, रोड बोलिंग बघायला. २८ औंसाचा, म्हणजे जवळपास ८०० ग्रॅमचा भरीव लोखंडी गोळा रहदारी चालू असलेल्या गावरस्त्यावरून फेकायचा. तो जिथे थांबेल तिथून पुढची फेक. ठरलेलं अंतर कमी फेकींत कापेल तो जिंकला. मैदान नाही, तिकीट नाही, खुर्ची तर नाहीच. एक गडी पुढे जाऊन पाय फाकवून उभा राहतो आणि फेकणाऱ्याला दिशा दाखवतो. रस्त्यावर गवताची जुडी ठेवतात, ती नेम धरायची खूण. लोक रस्ताभर पसरलेले असतात आणि गोळा सुटला की बैलगाडा शर्यतीच्या घाटासारखे शेवटच्या क्षणी दोन्हीकडे फाकतात. पुढे उभं राहू नका. घोट्यावर तो गोळा बसला तर सहल तिथेच संपली. पैजा उघड लागतात, नोटा हातात असतात. पाहुण्याने त्यात पडू नये.

खेळ अफलातून आहे. मी आयर्लंडात पाहिलेल्या सगळ्यात ही दुपार पहिल्या नंबरची.

आता परतीचं. मिडलटनहून कॉर्कला लोकल गाडी आहे, पण तिथपर्यंत पोचायला हवं ना! आम्ही चालायला लागलो. पायवाट नाही, दोन्ही बाजूंना डोक्याएवढी झुडपं, त्यात नेटल, हात लागला की तासभर आग. वळणावर समोरची गाडी दिसत नाही, ऐकू येते तेवढीच. तिथे वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात, म्हणून चालणाऱ्याने उजवीकडून, गाड्यांकडे तोंड करून जायचं. वळण अगदी आंधळं असेल तर थोडा वेळ बाजू बदला. चमकणारं जाकीट न घेता असल्या रस्त्यावर उतरणं मूर्खपणा आहे. पावसात तर उतरूच नका.

अर्ध्या वाटेवर टॅक्सी थांबवली. छतावर दिवा, आत मीटर, पण मीटर बंद. "आज खेळाचा दिवस, साठ युरो." पाऊस सुरू झाला होता. दिले.

आता नीट ऐका. आयर्लंडात टॅक्सीचं कमाल भाडं देशभर सरकारने ठरवलेलं आहे. रविवारी आणि रात्री दर चढा असतो, पण तोही मीटरवरच. आधी ठरवलेली रक्कमही मीटरपेक्षा जास्त घेता येत नाही. खेळाचा दिवस म्हणून वेगळा दर नसतो. मीटर चालू करायला सांगा, छापील पावती मागा, गाडीचा परवाना क्रमांक टिपून ठेवा. राष्ट्रीय वाहतूक प्राधिकरणाकडे तक्रार करता येते. छतावर दिवा नसलेली भाड्याची गाडी, म्हणजे हॅकनी, ही वेगळी गोष्ट: तिला मीटर नसतो, ती आधी बोलावून भाडं ठरवूनच घ्यायची. खेड्यात तीच जास्त उपयोगी. सकाळी सोडणाऱ्यालाच परतीचं सांगून ठेवा.

हर्लिंगचा, म्हणजे काठी-चेंडूच्या आयरिश खेळाचा, मोठा सामना बघायचा तर थर्ल्सला जा. डब्लिन-कॉर्क रेल्वेमार्गावरच आहे, स्टेशनवरून सेंपल स्टेडियमपर्यंत चालत जाता येतं. १८८४ मध्ये गेलिक म्हणजे हर्लिंगसारख्या पारंपरिक आयरिश खेळांची संघटना याच गावातल्या हेज हॉटेलात स्थापन झाली. मन्स्टर प्रांताच्या सामन्यांची तिकिटं आधी ऑनलाइन घ्या, दारावर रोख पैसे घेऊन उभं राहू नका. खेळ ७० मिनिटांचा, दोन्हीकडे पंधरा-पंधरा, हातात अ‍ॅश लाकडाच्या काठ्या. गोलच्या खांबांमधल्या आडव्या दांड्याखालून चेंडू गेला तर गोल, तीन गुण, हिरवा झेंडा. वरून गेला तर एक गुण, पांढरा झेंडा. एवढं कळलं की बास. दोन्ही संघांचे लोक मिसळून बसतात, शेजारचे आजोबा उरलेलं समजावतात. या पातळीवर खेळणाऱ्यांनाही पगार नाही. सोमवारी ते आपापल्या नोकरीवर.

मात्र सामन्याच्या शनिवार-रविवारी थर्ल्समध्ये राहू नका. आम्हाला सांगितलेला खोलीचा दर शुद्ध लूट होती. डब्लिनहून किंवा कॉर्कहून रेल्वेने या आणि त्याच दिवशी परता, पण रेल्वेचं तिकीटही सामन्याच्या तिकिटाबरोबरच काढा.

लेटाउनला समुद्राच्या वाळूवर होणारी घोड्यांची शर्यत? सप्टेंबरात डब्लिनमध्ये असाल तरच. रेल्वे तिथे जाते, वाळू मोकळी असते, वारा भयंकर. गाडी भाड्याने घेण्याइतकं त्यात काही नाही.

शेंगेन व्हिसा आयर्लंडला चालत नाही, हे मात्र विमानतळावर कळून घेऊ नका.