हात टेकले

दुपारचे अडीच. लाइट गेलेले. सासूबाई बंद पंख्याकडे बघत आडव्या झालेल्या, आणि मी स्वयंपाकघरात फरशीवर मांडी घालून तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात खुपसून बसलेली. आतल्या आत मूठ मिटायची, उघडायची. बोटं फाकवायची, मनगट उजवीकडे वळवायचं, डावीकडे वळवायचं. दारातून कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, बाईची अंगठी हरवली.

हा व्यायाम आहे. क्लाइंबिंगवाले बादलीत तांदूळ भरून करतात. आमच्याकडे बादली कशाला, पंधरा किलोचा डबा आहेच. फिजिओ म्हणाली होती, तांदूळ कुठलाही चालेल. सासूबाई म्हणाल्या, "कुठलाही कसा? रेशनचा घे. इंद्रायणीत हात घालायचा नाही." त्यामुळे माझं मनगट गेले दीड महिना रेशनच्या तांदळावर सुधारतंय.

तर आज तांदळात बोटांना काहीतरी लागलं. गार, गुळगुळीत, एका बाजूने किंचित मऊ. आंबा. सासूबाईंनी पिकायला पुरून ठेवलेला. माझ्या अंगावर एकदम काटा आला. आंब्यामुळे नाही. डोळ्यांना न दिसणारी वस्तू बोटांनी ओळखायची, ती धरण्यासारखी आहे का ते चाचपायचं, हे मी शेवटचं जानेवारीत केलं होतं, एका धोंड्यावर.

धोंडा नाशिकजवळच्या अंजनेरीच्या पायथ्याशी आहे. उंची सांगायची लाज वाटते. मी पडले चार फुटांवरून. लोक विचारतात, "कुठल्या कड्यावरून?" मी चार बोटं दाखवते. त्यांना वाटतं, चाळीस. मग खरं सांगितलं की त्यांचा चेहरा असा पडतो, जणू मी त्यांची फसवणूक केली. आमच्या चढाईच्या गटातल्या एकाने तर सुचवलं, "हरिहर म्हणून सांग ना, कोण बघायला येतंय."

हरिहर म्हणायचं म्हणजे स्कॉटिश कडा आठवणार. तिथल्या पायऱ्या आता सगळ्या महाराष्ट्राला मोबाइलवर पाठ झाल्यात, पण त्याच किल्ल्याचा हा उभा कातळ बघायला फारसं कुणी जात नाही. डग स्कॉट 1986 साली तो चढला, म्हणून स्कॉटिश कडा. आता हा स्कॉट मुळात स्कॉटलंडचा नव्हेच, इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमचा. पण आडनावावरून गाव ठरवायची आपली जुनी खोड, कडा स्कॉटिश होऊन बसला. याच माणसाने 1975 साली एव्हरेस्टची नैर्ऋत्य भिंत चढून शिखर गाठलं होतं. आणि 1977 साली काराकोरममधल्या ओगर शिखरावरून, 7285 मीटरच्या त्या डोंगरावरून, उतरायला सुरुवात केली आणि पहिल्याच दोरावर झोका जाऊन त्याचे दोन्ही पाय घोट्यापाशी मोडले. मग पठ्ठ्या गुडघ्यांवर रांगत तळाला आला. कित्येक दिवस. हे मला आधीपासून माहीत होतं. हाताला प्लास्टर घालून पलंगावर पडल्यावर ते पुन्हा पुन्हा आठवत राहिलं आणि त्याने काडीचाही धीर आला नाही. उलट आपले चार फूट अजूनच बुटके झाले.

पहाटेचं दव होतं. कातळ ओला होता हे पाहिलं होतं, तरी चढले. वरची खोबण हातात आली आणि पाय सुटला. खाली पॅड होतं, पण मी त्याच्या शेजारी पडले. पडताना हात टेकायचे नाहीत, गुडघे दुमडून अंगावर लोळायचं, हे मी गेली बारा वर्षं नवख्या पोरांना घसा ताणून सांगत आलेय. आणि मी काय केलं? उजवा हात टेकला. मराठी भाषा इतकी चोख आहे की पुढे काही बोलायची सोयच ठेवत नाही.

सासूबाईंचं म्हणणं वेगळं. अंजनेरी म्हणजे मारुतीचं जन्मस्थान. तोही तिथूनच सूर्य धरायला झेपावला, इंद्राचं वज्र हनुवटीवर बसलं, म्हणून हनुमान. "त्या जागेवरून उड्या मारल्या की काहीतरी मोडतंच," असं त्या फोनवर तीन नातेवाइकांना सांगताना मी ऐकलं. नातेवाइकांचा पहिला प्रश्न मात्र एकच होता. "अगं बाई! मग पोळ्यांचं कसं करता?"

पहिल्या एक्स-रे फोटोत काहीच दिसलं नाही. मुका मार, असं ठरलं. दोन आठवडे मी आंबेहळद आणि तुरटीचा लेप लावून पिवळी होऊन बसले. दुखणं जाईना म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी माझा अंगठा ताणायला सांगितला आणि त्याच्या मुळाशी जी खळगी पडते तिच्यात आपलं बोट दाबलं. मी खुर्चीतून उठलेच. "इंग्रजीत या खळगीला काय म्हणतात माहितीये?" ते म्हणाले. "तपकिरीची डबी."

आणि माझ्या नाकाला झिणझिण्या आल्या.

आजोबा, आईचे वडील, रविवार कारंज्याजवळच्या वाड्यात ओटीवर बसत. कडोसरीला पितळी डबी. डबीच्या झाकणावर बोटाने दोनदा टकटक, मग डावा अंगठा असा ताठ करायचा की मुळाशी खळगा पडेल, उजव्या चिमटीने त्यात तपकीर सोडायची, हात नाकाशी न्यायचा आणि एका दमात वर. मग डोळे मिटून थांबायचं. आम्ही नातवंडं समोर रांगेत उकिडवी बसून शिंकेची वाट बघायचो. कधी ती यायची, कधी तोंडावर येऊन परतायची. परतली की आजोबा इतके खिन्न दिसायचे की आजी आतून विचारायची, "गेली का हो?" एकदा मी त्यांच्याच खळगीतली उरलेली पूड बोटाने टिपून नाकात घातली होती. संध्याकाळपर्यंत शिंकत होते आणि वाड्यातल्या चार बिऱ्हाडांची बोलणी आजोबांनी खाल्ली. त्यांच्या पंच्याला, उशीला, पोथीच्या पानांना तो तपकिरी वास. त्यांचा हात मला तेवढाच आठवतो, अंगठ्याच्या मुळाशी कायमचा डाग पडलेला.

त्याच जागी आत एक हाड असतं. मनगटात आठ हाडं, त्यातलं हे होडीच्या आकाराचं, आणि मोडलंच तर त्या आठांत बहुतेक वेळा हेच मोडतं. याचं रक्त उलट्या दिशेने येतं म्हणे, बोटांच्या बाजूने शिरून मागे कोपराच्या दिशेला. त्यामुळे मधे तडा गेला की मागच्या तुकड्याला रक्त मिळायची पंचाईत. डॉक्टर चित्र काढून समजावत होते. मला गंगापूर धरणाचा कालवा दिसत होता. आमची थोडी शेती आहे, टेलला. वरचे लोक पाणी घेऊन घेऊन आमच्यापर्यंत जे पोचतं त्यात चिमण्या आंघोळ करतात. "समजलं," मी म्हटलं. "टेलचं शेत." डॉक्टर शेतकऱ्यांच्या घरातले असावेत. हसले आणि म्हणाले, "म्हणूनच दहा आठवडे."

दहा आठवडे म्हणजे चढाईचा आख्खा मोसम. उरलेली थंडी, द्राक्षं, सगळं अंगठ्यासकट प्लास्टरमध्ये गेलं. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडीवर, म्हणजे रंगाच्या हौदावर, गेले होते, हाताला दुधाच्या पिशव्या गुंडाळून. पोरं रंगाच्या पाण्यात उड्या टाकून धप्पे मारत होती आणि मी दुकानाच्या फळीवर उभी राहून प्रत्येकाचे हात कसे टेकतायत तेवढंच बघत होते. ही खोड अजून गेलेली नाही. रस्त्यात कुणी ठेचकाळलं तरी माझी नजर आधी त्याच्या मनगटाकडे जाते.

डाव्या हाताने जगणं ही एक वेगळीच कथा. एखादी गोष्ट सोपी असली की आपण तिला डाव्या हाताचा मळ म्हणतो. ज्याने हा वाक्प्रचार काढला त्याने डाव्या हाताने वरणभात कालवून बघावा. देवळात प्रसादाला डावा हात पुढे केला तर पुजाऱ्यांनी साखरफुटाणे परत वाटीत टाकले. मी प्लास्टर दाखवलं. त्यांनी प्रसाद प्लास्टरवर ठेवला. साखरफुटाणे घरंगळत आत गेले, ते पुढे किती दिवस आत होते देव जाणे.

प्लास्टर निघालं तेव्हा आतून जो हात आला तो माझा नव्हता. बारीक, पांढुरका, सालपटं निघालेला, शिळ्या ओल्या फडक्याचा वास मारणारा. फिजिओ अंशांत मोजते, अमुक अंश वळलं, तमुक अंश राहिलं. घरातली मोजणी भांड्यांत. पहिल्या आठवड्यात वाटी. मग फुलपात्र. मग भरलेला तांब्या, पण ओतताना डावा हात खाली. हात जोडून कोपरं वर उचलायचा एक ताण सांगितलाय, तो मी खिडकीपाशी करते. सासूबाईंना वाटलं, मला उशिरा का होईना सुबुद्धी झाली, सूर्याला नमस्कार करते. मी खुलासा केलेला नाही. गेल्या आठवड्यात गच्चीवर कुरडयांचा चीक सोऱ्यात भरून त्यांनी माझ्यासमोर ठेवला, "फिरव बघू." सात कुरडया पडल्या. आठव्याला मनगट कुरकुरलं, पण सात पडल्या. त्यांनी त्या वेगळ्या ताटात वाळवल्या.

एवढं सगळं सांगितलं आणि मुख्य गोष्ट राहिलीच. हाड जुळलंय. तीन आठवड्यांपूर्वीच शेवटचा फोटो झाला. डॉक्टर म्हणाले, "हळूहळू सुरू करा." घरी येऊन मी 'बरंय' एवढंच सांगितलं आणि गटात काहीच टाकलं नाही. काल गटाचा मेसेज होता, उन्हाच्या आत पांडवलेणीच्या डोंगरावर जातोय, नुसती चालायला ये. मी लिहिलं, हात अजून तयार नाही.

एका सकाळी कुणाला न सांगता स्कूटर काढून अंजनेरीला जाऊन आले होते. धोंडा तसाच होता, माझ्या डोक्याहून टीचभर उंच. ऊन लागून तापलेला. त्याच्यावर तळवा टेकवला. मग बाजूला बसून बाटलीतलं ताक प्यायले आणि परत आले.

लाइट आले. पंखा फिरायला लागला तसा सासूबाईंना जाग आली. "अगं, किती वेळ? घामाने तांदळात पोरकिडे होतील. आंबा पिकलाय का बघ हाताला लागला तर."

"बघते, आई," म्हटलं, आणि आंबा बाजूला सारून पुन्हा मूठ मिटली.