मॅटप्लॉटलिब: जून महिन्याचं हवामान, चार आलेख, एक पान (प्रगती नोंद)

गच्चीवरच्या हवामान केंद्रातून दर दहा मिनिटांनी एक नोंद, म्हणजे दिवसाला १४४ आणि जून २०२४ च्या एकूण ४,३२० ओळी. तापमान, आर्द्रता आणि दाबासाठी बीएमई२८० सेन्सर, पावसासाठी टिपिंग बकेट (भरलं की कलंडणारं भांडं) पर्जन्यमापक. आलेख काढायला पायथनची मॅटप्लॉटलिब (आवृत्ती ३.८), नोंदींचा तक्ता हाताळायला पांडाज. चारही आलेख ए४ पानावर एकाखाली एक बसवणं हे या टप्प्याचं काम.

आधीच्या मांडणीत ट्विनएक्स (एका चौकटीत डावा आणि उजवा असे दोन उभे अक्ष) वापरून तापमान आणि आर्द्रता एकाच चौकटीत होती. ती काढून टाकली. डावी-उजवी मोजपट्टी हवी तशी ताणली की कुठल्याही दोन रेषा जुळल्यासारख्या दिसतात. त्यापेक्षा वेळेचा अक्ष सगळ्यांना एकच ठेवला, तर सर आली त्या तासाला पारा किती उतरला हे नजर सरळ वर नेली की कळतं.

चौकटी मांडणाऱ्या सबप्लॉट्सला ४ ओळी, १ स्तंभ, शेअरएक्स ट्रू (आडवा अक्ष सामाईक), फिगसाइज ८.२७ बाय ११.६९ इंच आणि लेआउट ‘कन्स्ट्रेन्ड’ दिलं. हाइट रेशोज (चौकटींच्या उंचीचं प्रमाण) ३, २, २, २. स्क्वीझ फॉल्स करायला विसरू नका. नाहीतर एकाच स्तंभाच्या मांडणीत एकमितीय ॲरे मिळतो आणि चौकट निवडायला [०, ०] लिहिलं की इंडेक्स एरर येते.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो पांडाजच्या स्वतःच्या प्लॉट पद्धतीने. ठरावीक अंतराने आलेल्या नोंदी दिसल्या की ती वेळेचं रूपांतर ‘पिरियड’मध्ये (पांडाजचा कालखंड मोजणारा प्रकार) करते. दहा मिनिटांच्या नोंदींसाठी १ जून २०२४ चा आकडा होतो २,८६,२०,००० (१९७० पासूनची मिनिटं), तर मॅटप्लॉटलिबची स्वतःची खांब काढणारी बार पद्धत तीच तारीख १९,८७५ (दिवस) धरते. अक्ष सामाईक असल्यामुळे मग चौकटी रिकाम्या दिसतात किंवा सगळं एका कडेला चिकटतं, आणि एरर मात्र येत नाही. पांडाजच्या प्लॉटला एक्स_कॉम्पॅट ट्रू दिलं (म्हणजे हे रूपांतर बंद केलं) की सुटतं. पण चारही चौकटींत थेट ॲक्सिसचेच प्लॉट आणि बार वापरणं जास्त भरवशाचं.

पावसाचे दहा-दहा मिनिटांचे आकडे पांडाजच्या रिसॅम्पलने (नोंदी ठरावीक काळानुसार एकत्र करणारी पद्धत) तासावर आणले: ७२० खांब. तारखांच्या अक्षावर खांबाची रुंदी दिवसांत मोजली जाते. न सांगता मिळणारी ०.८ म्हणजे १९ तास १२ मिनिटं, त्यामुळे एका सरीचा खांब जवळजवळ दिवसभर पसरतो. रुंदी १/२४ ठेवा आणि अलाइन ‘एज’, कारण रिसॅम्पल तासाच्या सुरुवातीची वेळ लावतो.

दाबाचे आकडे तापमानापेक्षा लांब, म्हणून डावीकडची अक्षांची नावं मागेपुढे होतात. अलाइन_वायलेबल्सने एका रेषेत येतात. जतन करताना बीबॉक्स_इंचेस ‘टाइट’ टाळा, नाहीतर कडा कापल्या जाऊन पान ए४ राहत नाही.

मराठी नावांचं काम वेगळं. मूळच्या डेजाव्हू सान्समध्ये देवनागरी नाही, त्यामुळे चौकोन उमटतात. नोटो सान्स देवनागरी दिला की अक्षरं येतात, पण जोडली जात नाहीत: ‘आर्द्रता’ पाय मोडून सुटी पडते, ‘मिमी’तली पहिली वेलांटी म च्या उजवीकडे जाऊन बसते. फॉन्ट बदलून हे सुटत नाही, कारण या आवृत्तीत अक्षरजुळणीच होत नसते. यावरचा सोपा उपाय: एसव्हीजीमध्ये (ब्राउझरमध्ये उघडणारा चित्रप्रकार) जतन करा आणि त्याआधी एसव्हीजी.फॉन्टटाइप ‘नन’ करा. मग मजकूर मजकूरच राहतो आणि जुळणी ब्राउझर करतो. त्या संगणकावर फॉन्ट मात्र हवा, आणि नावांभोवतीची मोकळी जागा किंचित कमी-जास्त होते.

पुढचं काम: रोजच्या पावसाचा पाचवा आलेख. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणून रिसॅम्पलला ८ तास ३० मिनिटांचा ऑफसेट (दिवसाची सुरुवात तेवढी सरकवणं) आणि लेबल ‘राइट’ (खांबाला कालावधी संपल्याची तारीख) लागेल. नाहीतर खात्याच्या आकड्यांशी ताडताना प्रत्येक खांब एक तारीख मागे पडेल.