हळदीचा हंगाम आणि सीड फंडाचे टप्पे : माझा अनुभव

हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या वसमत तालुक्यात हळद शिजली की नाही, हे आजही काडी खुपसून पाहतात. हळद वाफेवर शिजवणाऱ्या कुकरच्या ड्रममधून गरम हळकुंड काढायचे, बोटे भाजू नयेत म्हणून फडक्यात धरायचे आणि त्यात बारीक काडी घालायची. ती सहज आरपार गेली की ड्रम रिकामा करायचा. माझे वडील चाळीस वर्षे ही परीक्षा करत आले आहेत आणि त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही. परंतु वाफ तळातून वर चढत असल्यामुळे खालचा थर आधी शिजतो आणि वरचा मागे राहतो. त्यातच कुकर भाड्याचा असतो, मागे दुसऱ्या शेतकऱ्याचा नंबर लागलेला असतो, आणि घाईत उतरवलेल्या मालाचा फटका भावाला बसतो. पुण्यात आठ वर्षे इन्स्ट्रुमेंटेशनची नोकरी केल्यावर या एका अडचणीवर उपकरण करायचे असे मी ठरवले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये एका मैत्रिणीसोबत प्रायव्हेट लिमिटेड कंपनी नोंदवली.

नवउद्योगांसाठी, म्हणजे स्टार्टअपसाठी, देशपातळीवर जी व्यवस्था उभी राहिली आहे, तिच्यातून जाताना मला आलेला अनुभव जिल्ह्याच्या ठिकाणाहून अर्ज करणाऱ्यांना उपयोगी पडेल, असे वाटल्यामुळे तो येथे लिहीत आहे.

स्टार्टअप इंडिया हा उपक्रम १६ जानेवारी २०१६ रोजी सुरू झाला. त्याअंतर्गत मिळणारी केंद्रीय उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभागाची, म्हणजे डीपीआयआयटीची मान्यता हा माझ्या प्रवासातील सर्वांत सोपा भाग ठरला. कंपनी दहा वर्षांपेक्षा जुनी नसावी, उलाढाल कोणत्याही वर्षी १०० कोटींच्या पुढे गेलेली नसावी आणि उत्पादनात काहीतरी नावीन्य असावे, असे तेव्हाचे निकष होते. शुल्क नव्हते. जानेवारी २०२२ मध्ये प्रमाणपत्र हातात आले आणि फेब्रुवारीत, पदरचे पैसे घालून, एका कुकरवर आम्ही पहिला संच बसवला. ड्रमच्या तळाच्या, मधल्या आणि वरच्या थरात एकेक तापमापक प्रोब आणि बाहेर तीन दिव्यांचा छोटा पॅनेल, एवढेच त्याचे स्वरूप होते. वाफेने आणि चिखलाने तो पॅनेल अकराव्या दिवशी बंद पडला; पण तोवर प्रत्येक ड्रमच्या नोंदी वहीत उतरल्या होत्या, आणि पुढे त्या वहीनेच आमची बाजू मांडली.

जून २०२२ मध्ये आम्ही स्टार्टअप इंडिया सीड फंड, म्हणजे सुरुवातीच्या भांडवलाच्या योजनेसाठी अर्ज केला. ९४५ कोटींच्या या योजनेची रचना मला मनापासून पटते. केंद्र सरकार नवउद्योगाला थेट पैसे देत नाही. तज्ज्ञ समिती इन्क्युबेटरची, म्हणजे नवउद्योगांना सुरुवातीच्या काळात आधार व मार्गदर्शन देणाऱ्या केंद्रांची निवड करते, प्रत्येकाला पाच कोटींपर्यंत निधी मिळतो आणि कोणत्या उद्योगाला किती द्यायचे हे त्या केंद्राची समिती ठरवते. नमुना आणि चाचण्या यांसाठी २० लाखांपर्यंत अनुदान, तर बाजारात उतरण्यासाठी ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा पुढे भागभांडवलात बदलता येणारे परिवर्तनीय रोखे असे तिचे दोन भाग होते. एकाच अर्जात पसंतीक्रमाने तीन केंद्रे निवडता येत असल्यामुळे अर्जदाराला दारोदार फिरावे लागत नाही.

पहिल्या केंद्राने एका ओळीत नकार कळवला. दुसऱ्या केंद्राच्या मुलाखतीत, तीन महिन्यांत प्रत्यक्ष चाचणी करून दाखवाल का, असा प्रश्न आला. ती मुलाखत जुलैत होती आणि जुलैत हळद जमिनीत असते. मी तसे सांगितले, तेव्हा समितीने नोंद केली की चाचणीचा कालावधी फार लांब आहे. तिसऱ्या केंद्राच्या व्यवस्थापक मॅडमनी मात्र आमची वही मागवून घेतली, सगळी पाने चाळली आणि म्हणाल्या, "तुम्ही टप्पे तिमाहीवर लिहिले आहेत, ते हळदीवर लिहा." काढणीपूर्वी संच तयार, काढणीत चाचणी, पावसाळ्यात दुरुस्ती आणि पुढच्या काढणीत मोठी चाचणी, असा नवा आराखडा आम्ही त्यांच्यासमोर बसून केला. शेतकरी मेळाव्यात उपकरण दाखवण्याआधी पेटंटचा तात्पुरता अर्ज दाखल करा, हेही त्यांनीच बजावले. मान्यताप्राप्त नवउद्योगांना पेटंट शुल्कात ८० टक्के सवलत मिळते आणि अर्ज तयार करणाऱ्या सल्लागाराचे मानधन सरकार देते, हे मला तोवर ठाऊकही नव्हते. या सवलती वेगवेगळ्या कार्यालयांच्या आहेत. त्या कोणत्या क्रमाने घ्यायच्या हे सांगणारे माणूस मला तेथे पहिल्यांदा भेटले.

अनुदान मंजूर झाले आणि पहिला हप्ता जानेवारी २०२३ मध्ये जमा झाला. दुसरा हप्ता फेब्रुवारीत अपेक्षित होता, परंतु आधीचा निधी कसा खर्च झाला हे दाखवणाऱ्या उपयोगिता प्रमाणपत्राचा नमुना मध्येच बदलल्यामुळे तो एप्रिलच्या अखेरीस आला आणि तोपर्यंत तालुक्यातील बहुतेक हळद शिजून वाळत पडली होती. धाकट्या भावाने हरभऱ्याचे आलेले पैसे माझ्या हाती ठेवले, म्हणून तो हंगाम वाया गेला नाही. दोन महिन्यांचा उशीर कागदावर दोन महिन्यांचाच दिसतो. शेतीवरच्या उपकरणासाठी तो एका वर्षाचा असतो, आणि योजना आखणाऱ्यांनी हे गंभीरपणे लक्षात घ्यावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

याहून अवघड गाठ पुढे आली. या योजनेसाठी अर्ज करताना कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी असून चालत नाही. दोन वर्षांत हळदीचे हंगाम दोनच येतात. त्यातला पहिला आम्ही स्वखर्चाने केला, दुसऱ्यात उशिराच्या पैशांवर निभावले, आणि उपकरण खरोखर विकण्यायोग्य झाले ते २०२४ च्या काढणीत, पाच कुकरवर चालल्यानंतर. तोवर ५० लाखांच्या भागासाठी अर्ज करण्याची मुदत आमच्या हातून गेली होती. संगणक प्रणाली करणाऱ्याला दोन वर्षे पुष्कळ असतात. पीक, जनावरे किंवा औषध यांवर काम करणाऱ्यांचे वय महिन्यांत न मोजता हंगामांत आणि चाचण्यांत मोजले पाहिजे.

सरकारी खरेदीतही असाच धागा तुटलेला दिसला. मान्यताप्राप्त नवउद्योगांना पूर्वानुभव आणि उलाढाल या अटींतून सूट देता येते, असा नियम आहे. प्रत्यक्षात सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरील प्रत्येक निविदेत त्यासाठी एक रकाना असतो आणि तेथे 'होय' की 'नाही' हे खरेदी करणारे कार्यालय ठरवते. आमच्या उपकरणाला नेमकी बसणारी एक निविदा निघाली, तेव्हा त्या रकान्यात 'नाही' होते. आम्ही नियमाचा हवाला देऊन पत्र लिहिले, नंतर स्वतः भेटायला गेलो. तेथील अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतले, शुद्धिपत्रक काढले आणि मुदत वाढवली. त्यांच्या मनात अडवणूक नव्हती. असा रकाना आहे हेच कोणी त्यांना सांगितलेले नव्हते.

सप्टेंबर २०२४ मध्ये नवउद्योग, गुंतवणूकदार आणि मार्गदर्शक यांना एकत्र आणणारे भास्कर हे पोर्टल सुरू झाले. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये नवकल्पनांना चालना देणाऱ्या नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनच्या पुढील टप्प्याला मंजुरी मिळाली असून त्यात भारतीय भाषांतून काम करणाऱ्या ३० केंद्रांची तरतूद आहे. या दुसऱ्या गोष्टीकडे मी फार आशेने पाहते. समस्या सध्या कशी सोडवली जाते, या रकान्यात इंग्रजी अर्ज भरताना मी 'मॅन्युअल इन्स्पेक्शन' असे लिहिले होते. फडक्यात धरलेले हळकुंड, काडी कुठे अडते यावरून वडिलांना कळणारा कच्चेपणा, मागे ताटकळत उभा असलेला दुसरा शेतकरी, यातले काहीच त्या दोन शब्दांत समितीपर्यंत पोहोचले नाही. वडिलांना स्वतः मराठीत बोलता आले असते, तर पहिल्या दोन केंद्रांनीही त्यांचे पाच मिनिटे तरी ऐकले असते, असे मला वाटते.

सध्या आमचा अर्ज बँकेत आहे. नवउद्योगांच्या कर्जाला हमी देणारी केंद्र सरकारची योजना ऑक्टोबर २०२२ पासून लागू आहे. तिचे परिपत्रक मी छापून नेले, शाखेने ते वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवले आणि तिसऱ्या केंद्राच्या त्या व्यवस्थापक मॅडमनी तेथे फोन करून आमच्या तीन हंगामांच्या नोंदी समजावून सांगितल्या. काढणी जानेवारीच्या अखेरीस सुरू होईल. त्याआधी निर्णय आला तर यंदा बारा कुकरवर संच बसतील. नाही आला तर मागचे पाचच चालतील आणि उरलेल्या सात कुकरवाल्यांना पुढच्या वर्षीचा शब्द द्यावा लागेल.